पाणी सुधारणारा माणूस

कोठेही साचलेले पाणी दिसले की तो बाही कोपराच्या वर सरकवी, हात सरळ पाण्यात सोडी, पंजा मनगटात आडवा वळवी आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात हळूहळू खाली नेई. मग निदान सांगे. मनगट बुडताच पंजा हरवला, तर पाण्याला अजीर्ण झाले आहे. कोपर बुडाले तरी दिसत राहिला, तर पाणी उपाशी आहे. आणि कोपराच्या जरा अलीकडे हरवला, तर त्याच्या शब्दांत, "पानी जेवून बसलं हाय."

तिरोड्यात बाजाराच्या वाटेवर माझे औषधांचे दुकान आहे. दुकानासमोर गुरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने त्या हौदात हात घातला. मला वाटले, धुतो आहे. ओल्या हाताने काउंटरशी येऊन तो म्हणाला, "मॅडमजी, तुमचं पानी उपाशी हाय." माणसांच्या तक्रारी ऐकण्याची मला सवय होती. पाण्याची तक्रार घेऊन आलेला तो पहिलाच.

त्याला लाल दवा हवी होती. पोटॅशियम परमँगनेटचे ते जांभळे खडे इतर लोक जखम धुण्यासाठी चिमूटभर नेतात. याने दुकानात होती तेवढी पाकिटे मागितली. मी बिचकले. औषध विकणाऱ्याला असा ग्राहक आला की मनात नाही नाही ते येते. माझा चेहरा पाहून तो हसला आणि समजावून सांगू लागला: मासळीची पिल्ले, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती पाण्यात सोडण्याआधी या दवेत बुडवून काढावी लागतात, नाहीतर अंगावर बुरशी धरते. समजावून सांगणे हा त्याचा स्वभाव होता. समोरचा कंटाळला आहे हे त्याला कळत असे; पण कंटाळ्यावरचा उपाय म्हणजे आणखी थोडे समजावणे, अशी त्याची समजूत होती.

त्याचे वडील बोदलकशाच्या जलाशयावर जाळे टाकत. तो स्वतः प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेला. आपल्या भागातली पदवीधर मुले करतात तेच त्यानेही केले. भरतीच्या परीक्षा दिल्या, आणि मग एके दिवशी पुस्तके बांधून ठेवली. परीक्षा का सोडल्या, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "तिथं उत्तर आलं तरी जागा येत नाही, मॅडमजी. पान्यात जे टाकलं ते निंगते."

त्याचे हे वाक्य मला तेव्हा फार पटले होते. बुद्धी आणि मेहनत एकत्र आली की लक्ष्मी मागून येतेच, हे आपल्या पिढीला शाळेतल्या निबंधापासून पाठ आहे. आपण ते तपासून पाहत नाही, कारण तपासण्यासाठी दोन्ही गोष्टी पुरेपूर असलेला माणूस जवळ असावा लागतो. माझ्या जवळ तो होता.

आमच्याकडे गावोगाव बोड्या आहेत. बोडी म्हणजे तलावाची धाकटी बहीण. बांध घालून अडवलेले पावसाचे पाणी. दर पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीपुढे तिचा हर्रास होतो. जो चढी बोली बोलेल त्याला वर्षभर तिच्यात मासळी पाळता येते. त्याने पहिली घेतली ती कोणी बोलीच न लावलेली बोडी होती. बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळलेला, पाण्यावर जलपर्णीचा थर, आणि त्यात गावाने टाकलेले सर्व काही. बोली लावताना लोक हसले. एकाने विचारले, "येथ मच्छी होईन का बे?" तो म्हणाला, "काऊन नाही होणार?"

हे त्याचे दुसरे लाडके वाक्य. प्रश्न म्हणून त्याने ते कधी विचारले नाही.

नवराबायकोने मिळून ती बोडी साफ केली. बायको त्याच्याइतकीच राबणारी, पण बोलण्यात त्याच्या नेमकी उलट. तो दहा वाक्यांत सांगे ते ती अर्ध्या वाक्यात संपवी. बेशरम मुळासकट उपटला, चुना टाकला, पाण्यात मासळीचे खाणे तयार व्हावे म्हणून शेण टाकले, मग बोटुकली सोडली. सकाळी तो पाण्यात हात घालून पंजा पाही, त्यावरून त्या दिवशी किती शेण टाकायचे ते ठरवी. उन्हाळ्यापर्यंत त्या घाणेरड्या बोडीत कतला आणि रोहू उड्या मारू लागले.

आता एक रीत सांगितली पाहिजे, कारण त्याचे सारे नशीब तिच्यात अडकले आहे. आमच्या भागात मासळी काढण्याचा दिवस हा गावाचा दिवस असतो. ठेकेदार जाळे ओढतो, सारे गाव बांधावर उभे राहते, आणि त्याची मासळी निघाली की उरलेल्या पाण्यात कोणीही उतरावे. मुरलेले ठेकेदार या दिवसाची तयारी आधीपासून करतात. चार-आठ दिवस पहाटे थोडी थोडी चांगली मासळी काढून दूरच्या बाजाराला पाठवतात. गावासमोर अर्धे रिकामे जाळे ओढून कपाळाला हात लावतात. यंदा काही निघाले नाही, पाणीच खराब. मग पुढच्या हर्रासात बोली चढत नाही.

याला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण याच्या जाळ्यात कतला आली तेव्हा तिला त्याने नव्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. दाखवत होता आणि समजावत होता: चुना कधी, शेण किती, बोटुकली कोणत्या वयाची. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. मासळी बाजारात पोहोचण्याआधी तिचा फोटो शहरातल्या व्यापाऱ्याच्या हातात होता.

पुढच्या हर्रासाला तो व्यापारी स्वतःच्या गाडीने आला. आमचा माणूस जिथपर्यंत बोलू शकत होता तिथपर्यंत बोलला आणि थांबला. साफ झालेली, जेवून बसलेली बोडी व्यापाऱ्याला गेली.

मी हळहळले. तो मात्र दुसऱ्या गावातल्या पडीक बोडीची हकीकत सांगत होता. बायको दुकानातल्या बाकावर बसली होती. ती मला म्हणाली, "तोंड बंद ठेवाले पैसे लागते का, मॅडमजी? ह्या मानसाले इचारा."

"चोरी केली का मी, लपवाले?" तो म्हणाला.

"चोरी करनाऱ्यायच्या घराले स्लॅब पडला," बायको म्हणाली.

दुसऱ्या बोडीचेही तसेच झाले. त्याने ती सुधारली, काढणीच्या दिवशी मिरवली, आणि हर्रासात गमावली. या वेळी गावातल्याच मंडळींनी एकत्र येऊन बोली लावली. हळूहळू आसपासच्या गावांत त्याचे एक नाव झाले. एखादी बोडी अगदीच कामातून गेली की लोक म्हणत, त्याला द्या, वर्षभरात चांगली करून देईल. हे कौतुकाने म्हटले जाई. त्यात कौतुक होतेही. फक्त ज्याचे कौतुक होते त्याची मजुरी त्यात कोठे बसत नव्हती.

एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्याने मला आपले गणित सांगितले. "पयलं वरस पान्याचं, मॅडमजी. दुसरं मच्छीचं. तिसरं माह्यं." पहिल्या वर्षी पाणी सुधारण्यातच सगळे जाते. दुसऱ्या वर्षी मासळी घेतली की खर्च निघतो. तिसऱ्या वर्षी जे येईल ते खरे उत्पन्न. त्याला आजवर दुसरेही वर्ष मिळाले नव्हते. एकच पाणी तीन वर्षे हातात राहिले तर तो त्यात बियाण्याची मासळी वाढवणार होता. कतला आणि रोहू बंद पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत; पावसाच्या तोंडावर नर-मादीला इंजेक्शन द्यावे लागते. ते जमले की बोटुकली तो स्वतःच तयार करणार आणि साऱ्या तालुक्याला विकणार. मग कोणत्या गावाचा हर्रास कोणाला जातो याच्याशी त्याला देणेघेणे उरणार नव्हते. बोलता बोलता त्याने माझ्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिले आणि हात आवरला.

अखेर तसे पाणी मिळाले. एका गावाच्या मोठ्या, गाळाने भरलेल्या तलावासाठी त्याने ग्रामसभेला समजावले, आणि त्याच्या समजावण्याला तेवढे एकदा यश आले. तीन वर्षे, एकच दर, लेखी ठराव. त्यात एक अट होती, जी सगळ्याच तलावांना असते: पाण्यावर पहिला हक्क शेतीचा. मात्र कितीही पाणी सोडले तरी मासळीसाठी कमरेइतके राखायचे, अशी जुनी चाल होती. ती कागदावर नव्हती. कागदावर घ्यावी असे कोणाला वाटलेही नव्हते, कारण ती मोडलेली कोणी पाहिली नव्हती.

पहिले वर्ष पाण्याचे गेले. दुसऱ्या वर्षी बायकोने त्याला शपथ घातली. ठराव असला तरी माणसांची मने फिरतात. मासळी दिसली की कोणीतरी काहीतरी खुसपट काढील. तेव्हा काढणीचा दिवस करायचा नाही. पहाटे थोडी थोडी काढून गोंदियाला पाठवायची, आणि गावात सांगायचे की मासळी मेली.

त्याने ते ऐकले. आयुष्यात प्रथमच त्याने एखादी गोष्ट समजावून सांगितली नाही.

पण सोंग त्याला फारच चांगले वठले. दुपट्टा डोक्याला गुंडाळून, दाढी वाढवून तो गावातून फिरे. रोग आला, मेली सारी, एवढेच बोले. लोक घरी येऊन सांत्वन करून गेले. गोंदियाहून धान्याच्या सौद्याला आलेला एक दलाल म्हणाला, "पढालिखा आदमी है, पर किस्मत देखो." कोणी चेष्टाही केली की बीएस्सी पाण्यात बुडाली. माझ्या दुकानात आला की तो दार अर्धे लोटून घेई, दुपट्टा काढी आणि खालच्या आवाजात सांगे, मॅडमजी, एकेक मादी अशी झाली आहे की दोन्ही हातांत मावत नाही. सांगताना त्याचे डोळे इतके चमकत की मला त्या दुपट्ट्याची कीव येई. पाऊस सुरू झाल्यावर लागणारे इंजेक्शन त्याने मला नागपूरहून मागवायला सांगितले. मी मागवले आणि फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवले.

त्या वर्षी उन्हाळी धान फार लावले गेले होते आणि विहिरी लवकर आटल्या. चैत्रात लोंब्या दुधावर आल्या तेव्हा बांध्यांना, म्हणजे भाताच्या वाफ्यांना, भेगा पडू लागल्या. सभा बोलावली गेली. पुढचे मला बायकोने सांगितले. ती मागे बायकांत बसली होती.

तलावात कमरेच्या जरा वर पाणी उरले होते. शेतकऱ्यांनी ते मागितले. सरपंच भला माणूस. तो म्हणाला की एरवी मासळीसाठी पाणी राखतो, पण यंदा त्यात काही उरलेले नाही हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या या भावाचे फार नुकसान झाले आहे, तेव्हा गावाने यंदाचा ठेका माफ करावा, आणि तुडुम पूर्ण उघडावा. तुडुम म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार. लोकांनी माना डोलावल्या. एकदोघांनी त्याच्या पाठीवर हातही ठेवला.

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मच्छी हाय."

आधी कोणाला कळेना. मग त्याने पुन्हा सांगितले. कोणीतरी हसले. कालपर्यंत मेली होती, आज पाणी सोडायचे म्हणताच जिवंत झाली. तो समजावू लागला. किती आहे, कोणती आहे, कशासाठी राखली आहे. बायको म्हणाली, इतके चांगले तो कधीच बोलला नव्हता, आणि एकही माणूस ऐकत नव्हता. काहींना वाटले, ठेका माफ होतो तरी पाणीही हवे म्हणून खोटे बोलतो. काहींना वाटले की हे खरे असेल तर वर्षभर खोटे बोलत होता. सरपंचालाच जास्त लागले. "आमी तुह्या घरी येऊन बसलो," तो म्हणाला. "चाय पेलो. आमाले कायले फसवलं?"

शेवटी एक म्हातारा शेतकरी उठला. मासळी असो की नसो, लोंबी करपते आहे, एवढेच तो म्हणाला आणि बसला. तोही खोटे बोलत नव्हता. तुडुम उघडायचे ठरले.

नवराबायकोने जमतील तेवढे ड्रम गोळा केले आणि मोठ्या माद्या शेजारच्या गावच्या बोडीत हलवायला सुरुवात केली. चैत्राचे ऊन, आणि रस्ता कच्चा. बोडीपर्यंत पोहोचता पोहोचता बहुतेक ड्रममधले पाणी मेलेल्या माद्यांच्या वर आलेल्या पोटांनी पांढरे झाले.

दुकान बंद करून मी गेले तेव्हा तलावात घोट्याइतके पाणी उरले होते आणि ते जिवंत होते. चिखलातून काळ्या पाठी सरकत होत्या, एकमेकींवर चढत होत्या. सारे गाव त्यात उतरले होते. टोपल्या, पोती, मच्छरदाण्या, लुगड्याचे ओचे. कोणी दुष्टपणाने आले नव्हते. तलाव रिकामा झाला की उरलेली मासळी गावाची, हीही रीतच. तो मध्ये उभा होता. सुरुवातीला तो लोकांना सांगत होता की मोठ्यांना हात लावू नका, त्या बियाण्याच्या आहेत. मग तेही थांबले.

एक म्हातारी ओच्यात भली मोठी मादी घेऊन त्याच्यासमोर आली. ती मादी अजून तोंड उघडमीट करत होती. म्हातारीला खरोखरच वाईट वाटत होते. "इतकी होती तं सांगितलं काऊन नाही रे, बाबू?"

"सांगितलं असतं तं हर्रास झाला असता, माय."

म्हातारीने चहूकडे पाहिले. "मंग आता काय झालं?"

मी पाहिले की त्याचे ओठ हलले, जसे समजावण्याआधी हलत. मग त्याने वाकून तिच्या ओच्याची सुटलेली गाठ नीट बांधून दिली.

पावसाळा लागला तेव्हा तो दुकानात आला. इंजेक्शन परत पाठवून द्या, तुमचे पैसे कशाला अडकवता, असे म्हणाला. मी म्हटले, "भाऊ, ठरावाप्रमाणे तिसरे वर्ष तुमचे अजून शिल्लक आहे." त्याने मान हलवली. शिल्लक होते, ग्रामपंचायतीने ते नाकारले नव्हते. पण रिकाम्या तलावात पुन्हा पहिले वर्ष सुरू होणार होते, आणि ते वर्ष पाण्याचे असते हे त्याने मला शिकवले होते. बाहेर पावसाने हौद काठोकाठ भरला होता; त्याच्याकडे न पाहता तो निघून गेला.

आता तो आंध्रात आहे. तिकडे दृष्टी पोहोचत नाही एवढे मासळीचे तलाव आहेत म्हणतात. एका मालकाकडे तो पाण्याची देखरेख करतो. दिवाळीलाही आला नाही. त्या दिवसांत तिकडे काढणी जोरात असते.

बायको इथेच आहे. तिने आमच्या बाजारात दुकान मांडले आहे. आंध्रातून बर्फात भरलेले थर्माकोलचे डबे रात्रीच्या गाडीने येतात, सकाळी ती ते उघडते आणि दुपारपर्यंत विकून मोकळी होते. कोणाचे पाणी सुधारायला नको, हर्रास नको, बांधावर गाव नको. गेल्या वर्षी तिच्या घराला स्लॅब पडला. कोणी त्याच्याविषयी विचारले तर सांगते, बरा हाय, मालक मानते त्याले.

परवा मी मासळी घ्यायला गेले. तिने डब्यातून एक कतला काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवली. बर्फाने मासळीचे डोळे पांढरे झाले होते. पण शरीर भरलेले, खवले एकसारखे. कोणीतरी रोज लक्ष घालून वाढवलेली वाटत होती. मी क्वचितच असे काही बोलते, पण बोलून गेले. यांतली एखादी भाऊ सांभाळतात त्या तलावातली असेल का?

तिने सुरा पुसला. "असन तं असन, मॅडमजी. ओळखाले त्याच्यावर नाव राह्यते का?" आणि मग मासळी उलटी करून, पोटावर सुरा ठेवत तिने विचारले, "तुकडे मोठे करू का बारीक?"